बाभळीवरची कापशी

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी रविवारी पहाटे चहा टाकताना वाटतं, तुम्ही नेरच्या स्टँडवर येऊन उभ्या असाल आणि मला उशीर होतोय. उशीर तुम्हाला खपत नसे. पाखरं कुणासाठी थांबत नाहीत, म्हणायच्या.

ती कापसाची वाईट वर्षं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी पेपर उघडायची भीती वाटायची, आणि तुम्ही आम्हा शाळेतल्या मुलींना, पोस्टातल्या साहेबांना, चौकातल्या शिंपीकाकांना गोळा करून शिवारात पक्षी दाखवत हिंडायच्या. दोन टोळ्या करायच्या, एक तळ्याकडे, एक शेतांकडे. ज्यांना जास्त पक्षी दिसतील त्यांना हरलेल्यांनी आलूबोंडे खाऊ घालायचे. नियम एकच: टोळीतल्या प्रत्येकानं पाहिला तरच पक्षी मोजणीत धरायचा. लोक नावं ठेवायचे. माझी आई तर उघड बोलायची. बोंडअळीतून वाचलेला कापूस झाडावर, वेचायला माणूस मिळेना, आणि घरची पोरगी दुर्बिणीला डोळे लावून बसलेली. तिनं माझं येणं बंद करायचं ठरवलं, तेव्हा मी शाळेत तुमच्यासमोर रडले. तुम्ही समजूत घातली नाही. रविवारी शेतांकडची अख्खी टोळी घेऊन आमच्याच वावरात आलात.

आई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी आहे. "आमच्या घरी वेचाले मानूस नाही, अन् तुमी पाखरं पाहून राह्यल्या!" तुम्ही पदर खोचता, कमरेला फडकं बांधता आणि वेचायला लागता. मग सगळेच लागतात. पोस्टातले साहेब कापसापेक्षा पालाच जास्त गोळा करतायत. वेचता वेचता मोजणी चालू आहे. कोतवाल झाला, वेडा राघू झाला, सातभाई झाले, आणि तुम्ही एकदम हात वर करता. "कापशी! रस्त्याच्या त्या बाभळीवर, पार शेंड्याला!" ही पांढरी घार सकाळपासून कुणाला दिसली नव्हती, आणि तळ्याकडच्यांचा आकडा कळला होता, जिंकायला एकच पक्षी कमी होता. दुर्बीण हातोहात फिरते, जो तो "हो हो" म्हणतो. शेवटी माझ्याकडे येते. बाजाराला जाणाऱ्या गाड्यांतला कापूस त्या बाभळींना दरवर्षी अडकतो, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक. सगळे माझ्या तोंडाकडे पाहतायत.

"बाई, थो कापूस हाय."

"गप वं!" आई ओरडली. "बाईले शिकवते काय?"

तुम्ही दुर्बीण परत घेऊन पाहिलंत आणि आईकडे वळलात. "हिला दर रविवारी पाठवा. माझी चूक तोंडावर सांगणारं या टोळीत दुसरं कुणी नाही."

"धाडतो," आई म्हणाली, "पन वेचाई असन तवा टोळी इकडंच आना." आम्ही हरलो. आलूबोंडे खाऊ घालताना शिंपीकाका माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण मला इतका आनंद झाला होता की त्याचं काही वाटलं नाही.

आता टोळी मी चालवते. पार वणी-उमरखेडहून लोक येतात, भांडतात, हसतात, पुढच्या वेळी आणखी कुणाला तरी घेऊन येतात. तुम्ही पाहायला हव्या होत्या. गेल्या रविवारी शेजारची नवी सून पहिल्यांदाच आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काकू, थे तितर नाही, ढेकूळ हाय." ढेकूळच होतं. मी हसले, तिच्या पाठीवर थाप मारली, दर रविवारी ये म्हणाले. सगळ्यांना माझं फार कौतुक वाटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मला राग आला होता, बाई. तुम्हालाही आला असणार, पण तुम्ही तो कधी कळू दिला नाहीत. उद्या स्पर्धा आहे. त्या सुनेला मी माझ्याच टोळीत घेतलंय, आणि राग अजून थोडा शिल्लक आहे.