पोतेऱ्याचं बारसं

ती. चंपाताई हिला शरयूचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच).

कॉन्व्हेंटची मागची पायरी आठवते का गं? मधल्या सुट्टीत आपण दोघी बहिणी तिथे बसून आंबोळी खायचो आणि शेवटचा तुकडा तू मुद्दाम सिस्टरांच्या पांढऱ्या कुत्रीला घालायचीस. मी तुझी वेणी धरून मागे उभी. त्या कुत्रीला धड दातसुद्धा नव्हते, तरी पाचवीपासून अकरावीपर्यंत मी तिला भ्यायले. तीच मी आता अडुसष्टाव्या वर्षी घरात कुत्रा घेऊन बसले आहे. असो. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? अलोऱ्याचा कंटाळा आला की रत्नागिरीला या, असं मी दर पत्रात लिहिते. या वेळी लिहिताना हात जरा अडखळतो, कारण आमच्याकडे बिबट्या येतो.

तुला खोटं वाटेल. दगडी गडग्यापलीकडच्या आप्पांचे तीन कुत्रे वर्षभरात गेले. टायगर, शेरू आणि सुलतान. सुलतानची नुसती साखळी उरली. हे मी दीपकला फोनवर सांगितलं (सांगायला नको होतं). आई एकटी राहते या काळजीनं त्यानं मुंबईहून एका मित्राच्या गाडीतून राखणीला कुत्रा धाडला. राखणदार पाहिलास तर हसशील. वीतभर अंग, राखी रंगाचे ओले झाल्यासारखे केस, आणि स्वतःच्या शेपटीला बघून दचकतो. आप्पा त्याला बघायला आले आणि म्हणाले, “वैनी, बिबट्याला कुत्र्याइतकं दुसरं काही आवडत नाही हो.” म्हणजे माझ्या लेकानं दाराशी राखण ठेवली नाही, पान वाढून ठेवलं.

मग नाव ठेवायचा प्रश्न आला. मोबाइलवर सगळे जमले. ऋत्विक म्हणाला, “आजी, काहीतरी मजेशीर ठेव. लाडू!” आमच्या सूनबाई दर्शना म्हणाल्या, बिस्किट. दीपक म्हणाला, मोदक. हल्लीच्या कुत्र्यांची नावं अशीच असतात म्हणे, सगळी खायची. अगं, दिवेलागणीला अंगणात उभं राहून मी “लाडू, ये लाडू” अशी हाक मारायची, आणि पलीकडच्या काजूच्या बागेतून ती कोण ऐकणार? मला तर ती पंगतीची हाक वाटली. मी नको म्हटलं. वाघ्या सुचवला, तर आप्पांनी नुसतं आपल्या रिकाम्या साखळीकडे बोट दाखवलं. आठ दिवस त्याला मी “अरे” म्हणत होते, जसं ह्यांना म्हणत असे “अहो”. दोघेही सारखेच उशिरा ओ द्यायचे.

शेवटी आमच्या कामाच्या गोदूबाईनं सोडवलं. ती म्हणाली, “वैनी, आप्पांनी नावं मोठी ठेवलानी नि गमावलानी. आमच्यात पोरं जगत नसली की पुढच्याला दगडू नायतर केरू म्हणतात. टाकाऊ नाव असलं की न्यायला येनारा नाक मुरडून परत जातो.” मी कॉन्व्हेंटात शिकलेली, मी काही असलं मानत नाही. पण सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना आणि मारुतीचं स्तोत्र मी रोज संध्याकाळी पाठोपाठ म्हणतेच (बिबट्याचं शिक्षण कुठल्या माध्यमातलं काय सांगावं), तेव्हा तिसरा उपाय केल्यानं काय बिघडणार होतं? कुत्रा तेव्हा न्हाणीजवळ पसरलेला होता. मी फरशी पुसायला वाकले आणि फडकं समजून चुकून त्यालाच उचललं. नाव तिथेच ठरलं. पोतेरं.

पण नुसत्या नावानं भागत नाही, असं गोदूबाई म्हणाली. पोर दुसऱ्या बाईला मूठभर कोंड्याला विकायचं, म्हणजे आईची माया आहे हे वरच्याला कळत नाही. मग तिनं पदरातून कोंडा आणला, माझ्या ओंजळीत घातला, पोतेऱ्याला काखेत मारलं आणि म्हणाली, “आता हा माझा. तुमचा काय संबंध नाय.” मी मान डोलावली. (मग डोळे पुसले. कोंडा उडाला असेल.)

त्या दिवसापासून, चंपाताई, मी माझ्याच घरात परक्याच्या कुत्र्याची आया झाले आहे. “वैनी, माझ्या कुत्र्याला शिळा भात का घातलात?” “माझ्या कुत्र्याला लादीवर निजवू नका, पोटात वारा धरतो.” जनावरांच्या दवाखान्यात सुई टोचायला नेला. डॉक्टरांनी विचारलं, नाव काय? मी सांगितलं, पोतेरं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मालक कोण? मी तोंड उघडायच्या आत गोदूबाई पुढे झाली, “मी.” आणि मला म्हणाली, “धरा वो नीट, माझा कुत्रा घाबरतो.” कार्डावर तसंच लिहिलं आहे. शिक्क्यासह.

मंगळवारी मात्र विहिरीजवळच्या ओल्या मातीत पंजा उमटलेला दिसला. माझा तळहात त्यात मावला. वनखात्याचा माणूस आला, म्हणाला, “बिबट्याच आहे, काकू. पण घाबरू नका.” इतकं सोपं असतं तर मी लहानपणीच भ्यायचं थांबवलं नसतं का? संध्याकाळी सात वाजल्यापासून मी दारंखिडक्या लावून खाटेवर पाय वर घेऊन बसले. पोतेरं माझ्या हिरव्या सुती साडीच्या पदरात शिरलं. मी प्रार्थना आणि स्तोत्र, दोन्ही दोन-दोनदा म्हटली. एकदा बाहेर काहीतरी वाजलं, तेव्हा तो भुंकला. आयुष्यात पहिल्यांदा. लगेच माझ्याकडे बघितलं, चूक तर नाही ना केली, असं. मी त्याच्या कानात त्याचं खरं नाव सांगितलं. ते काय, ते कागदावर लिहीत नाही.

बाकी सर्व क्षेम. माझी काळजी करू नये.

तुझी,
शरयू

ता. क. – गोदूबाई पुढच्या सोमवारी सावर्ड्याला लेकीकडे राहायला जाते आहे, कायमची. ठीकच आहे, तिलाही विसावा हवा. पण म्हणते, माझा कुत्रा मी नेणार. विकलेलं पोर आईनं परत घ्यायचं नसतं, नाहीतर सगळं फुकट जातं. म्हणून तू ये. फोनवर सांगता येत नाही, दिवसभर ती घरातच असते आणि रात्री मोठ्यानं बोलायची माझी छाती नाही. तू तिच्याकडून तो तुझ्या नावानं घे, आणि जाताना इथे विसरून जा. रविवारच्या आत ये गं. त्याच्याशिवाय मला या घरात सात वाजवता येणार नाहीत.

आणखी ता. क. – आणि बिबट्यानं मलाच नेलं तर (हसू नकोस, माझा तळहात पंजात मावला आहे), पाटल्या दर्शनाला. शिलाई मशीन गोदूबाईला, तिला चालवता येत नाही पण हवं आहे. ह्यांची मोठी बॅटरी आप्पांना. इंग्रजी प्रार्थनांचं पुस्तक तुला, त्यात तुझाच पन्नास वर्षांपूर्वीचा कागदी बाण आहे. हिरवी सुती साडी पोतेऱ्याला अंथरायला द्यावी. ती धुवू नये.