बोटीवरचा टेप

९ सप्टेंबर, मंगळवार

गिऱ्हाईकाला वेडा समजतात! भोसरीत गणराजचं गाड्यांना टेप बसवायचं दुकान आहे. तासभर तिथे बसलो. "काका, हा सेट बोटीसाठीच असतो, पाणी उडालं तरी काही होत नाही." पाण्याचं मी विचारलंच नव्हतं. आवाजाचं विचारलं होतं!

आमच्या भजनी मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर आहे, ते लावलं. माझी पेटी ठीक. पखवाज तर छातीवर बुक्की मारतो. आणि टाळ? गायब! सोनबाचे टाळ — आख्ख्या आळीला जाग आणणारे! गणराज म्हणतो, "वाजतायत की काका." वर हसतो.

उठून आलो.

११ सप्टेंबर, गुरुवार

दसऱ्याला तीन आठवडे राहिले. सोनबाची आणि माझी बोट धरणावर तयार उभी आहे. फायबरची, बारा माणसांची. तीस वर्षं एका कंपनीत काढली — मी प्रेस शॉपला, पत्रा ठोकायच्या मशीनवर, तो टूलरूमला — रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून घेतली. धरण त्याच्या गावाला लागूनच. दसऱ्याला पहिली फेरी, कंपनीतल्या जुन्या माणसांना घेऊन, आपलंच भजन लावून.

इंजिन आणि कागदपत्रं त्याच्याकडे, टेप माझ्याकडे. तोच म्हणाला होता, "गाण्याबजावन्याचं तू बघ. पेटीवाला तू हायेस." मग बघतोय की! ऐऱ्यागैऱ्याच्या हाती दिलं असतं तर पहिल्याच दुकानातून डबडं उचलून आणलं असतं.

हर्षालीला दोनदा चहा मागितला. सूनबाई काहीतरी पुटपुटली आणि आत गेली. आजकालच्या मुली तोंड उघडून बोलतच नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

आकुर्डीला जाऊन आलो. काचेचं दुकान, एसी, नुसता झगमगाट. चार सेट ऐकले. चारही भिकार! सगळ्यांत नुसता धडाम् धडाम्. काउंटरवरची मुलगी इतकं तोंडातल्या तोंडात बोलत होती की तीनदा "काय?" म्हणावं लागलं. शेवटी ती ओरडून बोलली. गिऱ्हाईकावर ओरडते!

घरी साधनाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाचही सेटमध्ये टाळ कसे हो गायब?"

"सगळे एकाच ठिकाणाहून माल आणतात म्हणून!"

तिने पुढची जुडी ओढली. बायको दुकानदारांची बाजू घेते!

१७ सप्टेंबर, बुधवार

आता साधनाचं नवीन — पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही. बोटीवर नुसता लावून बघायलाही नको म्हणे. पितरांना काय टाळ नकोत?

२० सप्टेंबर, शनिवार

आज जेवलो नाही. रागाने.

मोकळ्या पाण्यावर आवाज वेगळा लागतो, म्हणून गणराजला सेट घेऊन बोटीवर नेलं. चाकण चौकातच दीड तास गेला. कंटेनरमागे कंटेनर. पोचलो तेव्हा डोकं आधीच तापलेलं.

काठाजवळ इंजिन बंद ठेवून टेप लावला. तेच! पखवाज आहे, पेटी आहे, टाळ नाहीत. सोनबा मात्र मान डोलावतोय. "झ्याक हाय की लेका! टाळ कसं खणखणत्यात!"

माझं टाळकंच सरकलं. गणराजला चोर म्हणालो. सोनबाला म्हणालो, "बहिरा आहेस तू. बहिऱ्यांनी गाण्यात तोंड घालू नये." गणराजने मुकाट्याने वायरी सोडायला घेतल्या.

मी इंजिन चालू केलं आणि बोट आत काढली. त्या दोघांची तोंडं बघायची नव्हती. मागून सोनबा ओरडायला लागला. भांडतोय भांडू दे म्हटलं, मागे वळलोच नाही. एवढ्यात त्याने धावत येऊन मला बाजूला ढकललं आणि स्टिअरिंग गरकन फिरवलं. उन्हाची तिरीप होती, मला काही दिसलं नव्हतं. बघतो तर हातभर अंतरावरून टायरच्या ट्यूबवर बसलेला मासे धरणारा गेला. डोळे पांढरे झालेले त्याचे.

"शिट्ट्या मारत हुता त्यो! कवाधरनं!" सोनबा म्हणाला.

शिट्टीबिट्टी काही नव्हती. असती तर मला ऐकू आली नसती? स्वतःची चूक झाकायला काहीही सांगतात लोक. मी गणराजकडे बघितलं. तो खाली बघत होता.



२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. सोनबाचा फोन नाही. दर वर्षी सकाळी सातला येतो. नाही आला तर नाही! मीही करणार नाही.

तो मासे धरणारा काही डोळ्यांपुढून जात नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सोनबा स्वतः आला. न सांगता. साधनाने चहा दिला आणि आत जाऊन बसली — म्हणजे तिला ठाऊक होतं!

"मुरारी, माझ्यासंगं कानाच्या डाक्टरकडं चल."

"दाखव की मग तुझे कान. मी कशाला?"

"माझं न्हाई. तुझं."

काय काय बोललो ते लिहवत नाही. त्याच्या गावाचा उद्धार केला. बोटीतला माझा हिस्सा काढून घेतो म्हणालो. तो चहा पीत राहिला. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "त्या दिवशी त्यो मानूस मेला आस्ता. उंद्या धा वाजता येतो."

येऊ दे. दाखवतोच मी!

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काचेच्या खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी दाबत होतो. मग बराच वेळ आवाजच येईना. वाटलं मशीन बंद पडलं. काचेतून बघितलं तर डॉक्टरीणबाई अजून बटणं फिरवतच होत्या.

मग कागद दाखवला. रेघ सरळ चालली होती, मग घाट उतरावा तशी खाली. "काका, कंपनीत कशावर होता?"

"प्रेसवर."

"किती वर्षं?"

"तीस."

त्यांनी मान हलवली. उतारावर बोट ठेवून मोठ्याने, सावकाश बोलल्या — बारीक आवाज सगळे इथे असतात. शिट्टी. टाळ. बायकांच्या बोलण्यातला स, श. हे तुम्हाला येतच नाहीत. गेलेलं परत येणार नाही. मशीन लावून थोडं भागेल.

म्हणजे हर्षाली पुटपुटत नाही.

कंपनीत दर वर्षी मेडिकल व्हायचं. दर वर्षी माझ्या कार्डावर लिहायचे — कान नॉर्मल. कोणी खोलीत बसवलं नाही, कोणी बटण दिलं नाही! कानात घालायचे बोळे साहेब लोक बघायला येणार त्याच दिवशी वाटायचे. आणि आम्हीही ते खिशात घालायचो. बायकी वाटायचं. कोणावर चिडू?

३० सप्टेंबर, मंगळवार

गणराजच्या दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर हात जोडले. "तुला चोर म्हणालो. चूक माझ्या कानांची होती." त्याने हात धरले. "अहो काका, काय हे!"

सेट त्यालाच निवडायला सांगितला. त्याने पहिलाच काढला, नऊ तारखेचा.

२ ऑक्टोबर, दसरा

पहिली फेरी झाली. अकरा जण होते. कानाचं मशीन यायला अजून आठवडा आहे. भजन लागलं, सगळ्यांच्या माना डोलू लागल्या. मला पेटी आली, पखवाज आला. सोनबा शेजारी मांडी घालून बसला आणि त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागून हलू लागला. धीम्या लयीत. टाळावर.

मंडळात तो दहा वर्षं असाच बसायचा. मी म्हणायचो, सरक की जरा. तो सरकायचा नाही. आज विचारलं, "हे मुद्दाम करायचास?"

"लय सुटाय लागली हुती तुझी," म्हणाला.

गावोगावचे लोक पाठ थोपटायचे माझी — पेटी ऐकावी तर मुरारीची, लय कधी सुटत नाही!