गाठीच्या पायाचा गोऱ्हा

बा, तू तो गोऱ्हा घेतलास त्या दिवशी मी तुझ्या शेजारीच उभी होते. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन थोडीच वर्षं झाली होती. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. बांगड्या भरायच्या म्हणून मी तुझ्या आणि मामाच्या मागे कुरखेड्याकडच्या बैलबाजारात आले होते. पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणाऱ्या आपल्या जोडीतला एक बैल म्हातारा झाला होता आणि त्याच्या जागी तुला तरणा, पळणारा गोऱ्हा हवा होता.

तो एका झाडाखाली बांधलेला होता. पांढराशुभ्र, लांब मानेचा. लोक लांबून बघत आणि हरखून जवळ येत. मग त्यांची नजर मागच्या उजव्या पायाकडे जाई आणि ते पुढे निघून जात. सांध्यावर लिंबाएवढी गाठ होती. विकणारा म्हातारा सरळ माणूस होता. म्हणाला, "भाऊ, पाय पाहूनच घ्या. मी लपवत नाई. जन्मापासून हाय."

मामा तुझी बाही ओढत होता. "भाऊजी, पटासाठी असा गोऱ्हा? लोक हासतीन."

तू उकिडवा बसलास. त्या गाठीवर तळहात ठेवलास आणि म्हाताऱ्याला गोऱ्हा चालवायला सांगितलंस. मग पळवायला. गोऱ्हा तो पाय जरा बाहेरून फिरवून टाकत होता. तू कितीतरी वेळ नुसता बघत राहिलास. शेवटी म्हणालास, "लंगडा नाई तो. त्याचं पाऊल येगळं हाय." आणि त्याचा दोर हातात घेतलास.

घरी मायनं पाय बघितला आणि कपाळाला हात लावला. "पळता पळता मोडला त काय करसान? त्या मुक्या जिवाले कोन पाहीन?" तू त्याला गोठ्यात नेऊन बांधलंस.

त्या वर्षी तू त्याला नांगराला लावला नाहीस. रोज सकाळी नदीवर न्यायचास आणि पोटरीभर पाण्यात, वाळूवरून चालवायचास. परत आल्यावर मोहाच्या बियांचं कोमट तेल त्या सांध्यावर चोळायचास. तो मान वळवून तुझ्या पाठीवर ठेवायचा. धान कापून झालं तेव्हा मायसुद्धा त्याच्यापुढे ओंजळभर कोंडा ठेवू लागली होती.

मग पट आला. आपण सगळे गेलो. दरवर्षी तिथे जुन्या मालगुजाराचीच जोडी जिंकायची. गोऱ्हा छकड्याला जुंपलेला पाहून लोकांनी खरंच हसायला सुरुवात केली. तू हाकायला धुरेवर बसलास. झेंडी पडली.

अजूनही डोळे मिटले की मी तिथेच उभी असते. धूळ उठते आहे. आपली जोडी सुटली आहे, आणि तो गोऱ्हा पळतो आहे असं वाटतच नाही, जमीनच त्याच्या पोटाखालून मागे जाते आहे. तो बाहेरून पडणारा पाय आता वेगात बरोब्बर बसतो आहे. हसणारे आता टाचा उंचावून बघताहेत. माय माझं मनगट इतकं घट्ट धरते की बांगडी फुटते, आणि तिच्या ते लक्षातही येत नाही. बा, पुढे मी खूप जग पाहिलं. इतकं सुंदर काही धावताना पाहिलं नाही.

पहिली फेरी तू जिंकलीस. शेवटची मालगुजाराच्या जोडीशी होती. सगळं गाव तुझ्या नावानं ओरडत होतं. तू खाली उतरलास, गोऱ्ह्यामागे बसलास आणि सांध्यावर हात ठेवलास. हात तसाच राहिला. मग उठून तू जू सोडू लागलास.

मामा धावत आला. "काऊन सोडून राह्यले? आता एकच फेरी त हाय!"

"पाय तापला त्याचा."

"तो त उड्या मारून राह्यला, भाऊजी! पाहा तरी त्याच्याकडं!"

"तो पळीनच. मी म्हटलं त मरस्तोर पळीन," तू म्हणालास. "म्हनूनच सोडून राह्यलो."

कोणीतरी ओरडलं, भेला रे भेला. मालगुजाराचा माणूस मोठ्यानं हसला. तू मान वर करून पाहिलंसुद्धा नाहीस. गोऱ्ह्याच्या पाठीवर आपल्या खांद्यावरचं धोतराचं पान टाकलंस आणि गर्दीतून त्याला हळूहळू चालवत नेलंस. लोक आपोआप बाजूला होत गेले. पुन्हा तू त्याला कधी पटात उतरवला नाहीस. पुढे कितीतरी वर्षं तो आपल्या धानाच्या बांध्यांमधून चालला, आणि म्हातारा होऊन आपल्याच गोठ्यात गेला.

तू गेलास त्यालाही आता जमाना झाला. हे पत्र कुठे टाकायचं, मला माहीत नाही. पण एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी घरी येताना माय तुझ्याशी बोलत होती, मामा कुरकुरत होता, आणि मी मुद्दाम मागे राहून चालत होते. तुला वाटलं असेल, पोरगी हिरमुसली. तसं नव्हतं, बा. तू मला त्या दिवशी इतका मोठा दिसत होतास, की तुझ्या जवळ यायचं धाडस होत नव्हतं.