गिझर आणि बाबा

३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तीन दिवसांपूर्वी सुखरूप पोचलो. तुझ्याकडचे पंधरा दिवस कसे गेले कळलंच नाही. येताना बस नवी होती. चढावर ड्रायव्हर गिअर बदलायचा तेव्हा जराही हिसका बसत नव्हता. उतरल्यावर मी मुद्दाम मागे जाऊन इंजिनाचं झाकण बघितलं. आमच्या मास्तरीणबाई सामानाजवळ उभ्या राहून माझ्या नावाने बोटं मोडत होत्या.

निघायच्या आधी बसवलेला गॅस गिझर आता रोज वापरायला सुरुवात केली. काय सांगू! आत तांब्याची नळी वेटोळ्यावेटोळ्यांची आहे. नळ उघडला की पाण्याच्या दाबाने आपोआप टक् असा आवाज होतो आणि ज्योत पेटते, काडेपेटी लागत नाही. पाण्याचा दाब कमी पडत होता म्हणून टाकीपासून नवा पाइप टाकला. जाण्याआधी ज्योत छान निळी होती, आल्यापासून जरा पिवळट दिसते. सिलिंडर तळाला आला असावा, बदलून बघीन. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना सकाळी खिडकी घट्ट लावून वाटेल तेवढा वेळ गरम पाण्याने अंघोळ करायची मोकळीक दिली आहे.

कामावर नव्या इमारतीत दोन लिफ्ट बसवायला घेतल्यात. त्याबद्दल सविस्तर पुढे लिहीन.

बाबा मजेत. भावोजींना नमस्कार.

तुझ्या मायेला पात्र राहो असा,
धाकटा


९ फेब्रुवारी

प्रिय ताईंना,

सप्रेम नमस्कार. वि. वि.

ह्यांनी बाबा मजेत असं लिहिलं, ते मी पाकीट बंद करताना वाचलं. दोन शब्द! गिझरला अख्खा परिच्छेद. ताई, बाबा मजेत नाहीत.

तुमच्याकडून आल्यापासून ते हरवल्यासारखे झालेत. अंघोळ करून आले की खांद्यावर टॉवेल टाकून पलंगाच्या कडेला बसून राहतात. डोकं दुखतं म्हणतात. परवा मला दोनदा तुमच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली, दुरुस्त नाही केलं. काल तर चष्मा उलटा लावला होता. ज्यांनी सगळं आयुष्य लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात घालवलं, त्यांनी! मी हसले, तेही हसले, पण मग स्वयंपाकघरात येऊन मला रडूच आलं. गंमत म्हणजे संध्याकाळी बागेत चक्कर मारून आले की एकदम ताजेतवाने. मग राजकारणापासून भाजीच्या भावापर्यंत सगळ्यावर मतं. मला वाटतं, तुमच्या घरी रमले होते, इथे एकटे पडतात. माझंही डोकं सकाळी जड असतं, पण माझ्या वर्गात चार वर्षांची बावीस पोरं आहेत, तेव्हा त्याचं नवल नाही.

खालच्या शिंपीणकाकूंचं आणि त्यांच्या बहिणीचं भांडण मिटून पुन्हा जमलं बरं का, दोघी खूप रडल्या. ह्यांना विचारलं, काकूंच्यात काही बदल दिसला का, तर म्हणाले हो, शिलाई मशीनला नवी मोटर बसवली आहे. मी त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांबद्दल विचारत होते!

आणखी एक. आम्ही तुमच्याकडे होतो तेव्हा पाखरांच्या एका जोडीने आमच्या मागच्या भिंतीतल्या भोकात घर केलं. आल्या आल्या गॅलरीतून बघितलं, तर मादी काडी ओढतेय आणि नर नुसता कठड्यावर बसून मान वाकडी करतोय. पण दोन दिवसांत दोघं निघून गेली, परत आलीच नाहीत. मला चुकल्यासारखं होतं.

बाबांना दोन ओळी लिहा. तुमचं पत्र आलं की ते दिवसभर खिशात घेऊन हिंडतात.

आहे तसाच जिव्हाळा ठेवा.
तुमची मास्तरीणबाई


१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आणि चि. मास्तरीणबाईंस,

अनेक आशीर्वाद.

तुमची दोघांची पत्रं मी आणि ह्यांनी जेवताना मोठ्याने वाचली. एकाच घरातून आली आहेत यावर ह्यांचा विश्वास बसेना. धाकट्याच्या घरात एक गिझर राहतो आणि त्याच्या शेजारी काही माणसं राहत असावीत. मास्तरीणबाईंच्या घरात माणसं आणि पाखरं आहेत, पाणी मात्र बहुधा आकाशातून गरम होऊन येतं.

आता पुरुष असेच आणि बायका तशाच, असं म्हणून मी मोकळी झाले असते. पण मग आमच्या घराचं काय करायचं? हे त्यांचं सलून बंद करून आले की कुणाच्या सासूचं ऑपरेशन कधी, कुणाचा मुलगा कुणाशी बोलत नाही, सगळं सांगतात. मी ऐकते, पण खरं सांगू, तेव्हा माझ्या डोक्यात आमच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या सात नंबरच्या शिलाई मशीनची खडखड चालू असते. परवा ह्यांनी रागावून विचारलं, मी आत्ता काय सांगितलं ते सांग. मी म्हटलं, सुईचा दांडा झिजलाय. दोन दिवस अबोला.

म्हणून तुम्हाला दोघांना शिक्षा. पुढच्या पत्रात धाकट्याने मशीनचं नावही काढायचं नाही. बाबांविषयी लिहायचं: काय खातात, केव्हा हसतात, केव्हा गप्प होतात. आणि मास्तरीणबाईंनी मला तो गिझर समजावून सांगायचा, आत पाणी जातं इथपासून. एकमेकांना विचारल्याशिवाय जमणार नाही, तेच मला हवंय.

थट्टा बाजूला. बाबांच्या विसरण्याचं ते मी तीनदा वाचलं. डॉक्टरांना दाखवा. सोबत बाबांसाठी वेगळी चिठ्ठी आहे.

दोघांवर सारखाच जीव असलेली,
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. खालच्या दुकानातला फोन बंद आहे म्हणून लिहितो. आधीच सांगतो, बाबा आता ठीक आहेत.

परवा सकाळी अंघोळीला गेले ते बाहेर येईनात. हिने हाका मारल्या, ओ नाही. दार उचकटून काढलं. बाबा भिंतीला टेकून खाली बसलेले, शुद्ध नाही. मी त्यांना उचलून गॅलरीत आणलं. तिथे त्यांनी डोळे उघडले. दवाखान्यात दोन रात्री ठेवलं. सगळ्या तपासण्या ठीक आल्या. वयाप्रमाणे चक्कर येते, विसरायलाही होतं, आता एकटं सोडू नका, असं डॉक्टरांचं म्हणणं.

ही बालवाडीची नोकरी सोडायचं म्हणते. मी नको म्हटलं, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. तुझं पत्र आलं. हसू आलं नाही, माफ कर.

धाकटा


२७ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

कृतज्ञतापूर्वक साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र तू बसून वाच. भावोजी घरी असतील तर त्यांनाही बोलाव.

शिक्षेप्रमाणे बाबांविषयी लिहायचं म्हणून मी रविवारी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. काय विचारायचं तेच कळेना. शेवटी हिला विचारलं, की बाबा केव्हा बरे असतात. ती म्हणाली, दवाखान्यात अगदी बरे होते. नर्सचा चष्मा एका बाजूने कलतो हे त्यांनी बघितलं आणि तिथल्या तिथे दांडी वाकवून नीट बसवून दिला. बागेतही बरे असतात. घरी आणलं, दुसऱ्या दिवशी अंघोळ झाली आणि पुन्हा तेच, डोकं धरून बसले. मी शेजारच्या खोलीतच होतो ताई, पण मला यातलं काही दिसलं नव्हतं. येता-जाता कपाट अंगाला लागलं की ते आहे हे कळतं, तसं बाबा घरात आहेत एवढंच मला कळत होतं.

मग हिची पाळी. पेन्सिल घेऊन न्हाणीघरात उभी राहिली आणि एखाद्या हट्टी विद्यार्थिनीसारखी एकेक गोष्ट विचारू लागली. पाणी कुठून येतं, गॅस कुठून येतो, ही ज्योत पिवळी का. मी म्हटलं, सिलिंडर बदलला तरी पिवळीच आहे, बर्नर साफ करायला हवा. तिने विचारलं, एवढं जळतं तर धूर कुठे जातो? मला असले प्रश्न आवडतात. मी ऐटीत सांगितलं की वरच्या नळीतून मागच्या भिंतीत, आणि तिथल्या भोकातून बाहेर. ती लिहिता लिहिता थांबली. कुठलं भोक, म्हणून तिने मला गॅलरीत नेलं. मी बोट दाखवलं. ती म्हणाली, अहो, तिथे तर पाखरांचं घर आहे.

ताई, मी हातातला स्क्रूड्रायव्हर तिथेच टाकून शिडी आणायला धावलो.

शिडी लावून वर चढलो आणि हात घातला. काड्या, गवत, शिंपीणकाकूंकडच्या रंगीत चिंध्या, कापूस, असं मूठ मूठ निघायला लागलं. नळी गच्च बुजली होती. रोज सकाळी ज्योतीचा सगळा विषारी वायू आतच कोंडत होता, बंद खिडकीच्या खोलीत, आणि बाबा त्यात गुडघे शेकत बसत होते. त्या वायूला वास नाही, रंग नाही. मी अंघोळ कामावर करतो. ही झटपट उरकते, म्हणून तिचं डोकेदुखीवर भागलं. वरून मी ओरडलो, नळी शाबूत आहे. खालून ही ओरडली, अंडी नाहीत ना? नव्हती. तेव्हा आम्ही दोघं एकदमच रडायला लागलो. मी शिडीवरच.

डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाबांना पुन्हा आणि आम्हा दोघांनाही तपासलं आणि म्हणाले, बरं झालं वेळेवर सांगितलंत. आठवडाभर मोकळ्या हवेत राहू द्या, मग बघू. आज पाच दिवस झाले. बाबांनी काल मला माझ्या लहानपणीच्या शिक्षकांची नावं पहिलीपासून म्हणून दाखवली आणि त्यातल्या कुणाचा चष्मा किती नंबरचा होता तेही. डोकं दुखत नाही. हिने नोकरी सोडायचा अर्ज फाडला.

गिझर आता उघड्या गॅलरीत लावलाय, नळीला जाळी बसवली आहे. न्हाणीघराच्या खिडकीची काचच काढून टाकली. पाखरांसाठी हिने शेजारच्या भिंतीवर लाकडी खोकं टांगलंय. ते सरळ आहे की नाही हे मी पाणसळ लावून तपासलं.

ताई, तू आम्हाला गंमत म्हणून शिक्षा दिलीस. बाबा आज आमच्यात आहेत ते त्या गमतीमुळे. हे कसं फेडायचं मला कळत नाही.

तुझा ऋणी,
धाकटा

ताई, मी खाली जागा उरली आहे म्हणून लिहिते. मला गिझर आता पूर्ण समजला आहे. वर्गात पोरांना फळ्यावर काढून दाखवला. सगळ्यांनी ज्योत निळी रंगवली. तुमच्या पायांवर डोकं ठेवते.
मास्तरीणबाई


१२ मार्च

चि. मोठीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्याविषयी एवढा पत्रव्यवहार झाला, पण मला कुणी दोन ओळी लिहायला सांगितल्या नाहीत. म्हणून हे आपण होऊन.

मी खडखडीत बरा आहे. रोज थंडगार वाऱ्यात अंघोळ करतो, दात वाजतात आणि त्याचं मला अतोनात सुख होतं. गारठा कळतोय म्हणजे मी आहे.

त्या सकाळचं मला थोडं आठवतं. डोळे मिटले होते, हात हलत नव्हता, पण दाराबाहेरचं ऐकू येत होतं. तो घाईघाईने स्वतःशीच बोलत होता, की खालची बिजागरी आधी, वरची मग, पहार तिरकी धर. ती दाराला तोंड लावून मला सांगत होती, की बाबा झोपू नका, बाबा वर्गातल्या त्या लबाड पोराने काल काय केलं ऐका. ती सगळी हकीकत तिने दार निघेपर्यंत संपवली नाही. मला शेवट ऐकायचा होता. दार त्याने उघडलं हे खरं. तोवर मी तिथेच थांबलो होतो तो तिच्यामुळे. यातलं कुठलं काम मोठं हे मला विचारू नकोस.

बायका-पुरुषांचं तू जे लिहिलंस त्यावर माझा दुकानातला अनुभव सांगतो. बायका फ्रेमचे स्क्रू घट्ट आहेत ना हे तपासायच्या. पुरुष म्हणायचे, कसाही द्या हो, आम्हाला काय दिसण्याशी करायचंय, आणि मी आत गेलो की आरशासमोरून हलायचे नाहीत. तेव्हा ठोकळ हिशेब मांडू नये. प्रत्येकाचं लक्ष कुठेतरी असतंच. आपल्यावर दोन वेगवेगळ्या बाजूंनी कुणाचं तरी लक्ष असावं, एवढं भाग्य मात्र फार थोड्यांना मिळतं. मला ते मिळालं. तुझं तर इतक्या लांबून होतं.

दोघं आत्ता गॅलरीत भांडताहेत. समोर नवं बिऱ्हाड आलंय. तो म्हणतो, एवढं मोठं कपाट जिन्यातून वर नेलं कसं. ती म्हणते, बाई सकाळपासून एकटीच सामान लावतेय, हिचा नवरा कुठे आहे. मी मध्ये खुर्ची टाकून बसलोय, दोन्हीकडचं ऐकतोय, आणि मला फार बरं वाटतंय. थोड्या वेळाने दोघं मिळून तिला चहा नेऊन देतील. तो कपाटाचं विचारून घेईल, ती बाकीचं.

आता उन्हाळ्यात जावईबापूंना घेऊन तू इकडे ये. सामान काही आणू नकोस. कशाने आलीस हे तो विचारील, कशी आहेस हे ती विचारील. मी दार उघडीन.

तुझे,
बाबा