मारलं तरी

४ मार्च

पुन्हा तीच फाइल. ठेकेदाराचा खून, आरोपी गवंडी. पोलिसांच्या कागदावर त्याची कबुली दोनच शब्दांची: ‘मी मारलं.’ बचावाच्या वकिलांना चौकशीचं रेकॉर्डिंग तपासून हवंय. तेवढंच माझं काम.

मध्ये मध्ये धाड्! पोलीस म्हणतात, टेबल पडलं. कमाल टेबल आहे — पडतं, पुन्हा पडतं, आणि दर वेळी माणूस किंचाळतो. फटक्याआधी एक मऊ, लाडिक आवाज: ‘बोल की रे, राजा.’ मग पट्टा. मग फरशीवर काहीतरी ओलं.

घरी आईनं कुकरचं झाकण आपटलं, तर मी ताटावरून उठून उभी!

‘अगं, झाकण आहे ते!’

६ मार्च

सापडलं. फटक्याचा आवाज गाळला. खाली ‘मी’ नाहीच. ‘मला’ आहे! ‘मला मारलं —’ आणि तिथंच फाइल कापलीय. कापणाऱ्याचा हात चुकला; पुढच्या शब्दाचा ‘त’ आणि अर्धा ‘र’ राहून गेला. ‘मला मारलं तरी...’

तरी काय, ते मी लिहिणार नाही. ते ऐकू येत नाही.

लॅबचे साहेब वैतागले. ‘मारलं ऐकू येतं ना? तेवढं लिही. कर्ता-कर्म शोधायला तू काय व्याकरणाची बाई आहेस?’

सगळं लिहिलं.

११ मार्च

साक्ष झाली. तपास अधिकारी माझ्याआधी. ‘टेबल पडलं, साहेब.’ तोच मऊ आवाज. पट्ट्याआधीचा.

सरकारी वकील मला म्हणाले, ‘ताई, त वरून ताकभात ओळखता की काय?’ कोर्ट हसलं. गवंडी हसला नाही. त्याच्या उजव्या हाताची बोटं आता वळत नाहीत. थापी कशी धरणार?

न्यायाधीशांनी हेडफोन मागवून स्वतः ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग कोणी हसलं नाही.

१४ मार्च

निर्दोष! उद्या तुरुंगातून सोडतील. त्याच्या बायकोनं माझे दोन्ही हात धरले. ‘घरी नेते नि आधी झोपवते बघा त्याला.’

आई: ‘आज तरी नीट जेव.’ जेवले.

१६ मार्च

काल तुरुंगाच्या फाटकाबाहेर त्याला ठेचून मारलं. दगड, सळया. बायकोच्या देखत. तिनं अंगावर पडून झाकलं, तर तिचाही खांदा फोडला. ‘जमावानं मारलं’ म्हणे. ठेकेदाराची माणसं. म्हणजे कोणीच नाही!

कोणीतरी मोबाइलवर घेतलंय. दिसतात नुसत्या पाठी आणि धूळ. तो व्हिडिओ आवाज तपासायला माझ्याकडे आला.

‘गोंगाटात काय कळणार?’ साहेब. ‘काही ऐकू येत नाही, असं लिहून मोकळी हो.’

१७ मार्च

पहिला दगड पडण्याआधी, मोबाइलच्या अगदी जवळ, मऊ, लाडिक —

‘बोल की रे, राजा.’

जुन्या फाइलशी जुळवला. तोच.

अहवाल दिला. कर्त्यासकट.