पोस्टातली जुनी सही

४ जून ७४, मंगळवार
मंगल अकरावी पास. मास्तरणीच्या कॉलेजात नाव लागलं. नातीच्या नावानं गूळ वाटला, पेढे परवडत न्हाईत. फी पंधरा तारखेपर्यंत. ती भरायची माझ्याकडं. शेंगाची चटणी कुटून, विकून पोस्टात टाकलेत. खांदा गेला, पैसे हायेत.

५ जून
जेवताना लेक, बसू, म्हणाला, "अव्वा, पोस्टातले काढायचे हायेत. अक्कलकोट रोडला टॉवेल विणायचा जुना माग मिळतोय."
काढ की तुझे.
"माझे तुझे काय? खातं एकच हाय."
दिवाळीत ह्यानंच सांगितलेलं, पोस्टाच्या व्याजाला कर न्हाय, टॉवेलचे पैसे तुझ्या खात्यात टाकतो. मी बी हरखले. ताकात पाणी ओतू दिलं, आता कुठलं पाणी आन कुठलं ताक.

७ जून, शुक्रवार
बसूनं फारम भरून आणलं. सगळेच काढणार. मंगलची फी? "माग चालला की टाकतो. जाईल पुढल्या वर्षी. शिकून तरी काय, दुसऱ्याच्याच घरी जायची." सून भाकरी थापत होती. भाकरी करपली.
सही केली. खोटं कशाला लिहू, भ्याले. ह्याच्याच ताटात मरेपर्यंत जेवायचं हाय.

१० जून, सोमवार
बसू तणतणत आला. पासबुक माझ्यापुढं टाकलं. "सही जुळत न्हाय म्हणतोय पोस्टातला बाबू. काय लिवलंस तू?"
नाव लिवलं. मंगलनं पाटीवर गिरवून शिकवलं तसं.
"खात्यावरची सही निराळीच हाय म्हणतोय. त्याला वाचता बी येईना."
दुपारी चटणी कुटताना ध्यानात आलं. खातं काढलं तवा मला मराठी कुठं येत होतं? माहेरी वळसंगच्या कानडी शाळेत दोन इयत्ता, तेवढंच. सही कानडीत केलेली. मुसळ हातातच राहिलं.
कुणाला बोलले न्हाय.

११ जून
चुलीतली राख पसरून बोटानं ती कानडी सही काढून बघितली. शांतव्वा. हात विसरला न्हाय. शेवटचं अक्षर खाली लोंबतं, तसंच लोंबलं. पुसलं.
मंगल विचारते, "आज्जी, फी कधी भरायची?" बघू म्हटलं. तिच्याकडं बघवंना.
एकटीनं जाऊन काढले तर बसूचा माग अडणार. मग हा मला घरात...
न काढले तर पोरगी चुलीपुढं.

१३ जून, गुरुवार
वळखीचे दोन साक्षीदार नेले की पोस्टात नवी सही घेतात म्हणे. बसूला एक मिळाला. दुसरा शनिवारी येणार. शनिवारीच फीची शेवटची तारीख.
"अव्वा, आठव की जरा. कसली सही केलतीस?"
म्हातारी झाले बाबा, म्हटलं. आठवंना.
तो गेल्यावर सून म्हणाली, "अत्ती, तुमच्या माहेरी सगळी कानडीच लिवतात न्हवं?"
मी तिच्याकडं बघितलं. ती तव्याकडं बघत होती.
म्हटलं, साकू. पुरे, कामाला लाग.
चटणीत मीठ दोनदा पडलं. गिऱ्हाईक शिव्या घालणार.

१४ जून, शुक्रवार
मंगलकडनं कालच कोरं फारम आणवलं. कशाला ते सांगितलं न्हाय. फीपुरतेच लिवले, बसूच्या पैशाला हात लावायचा न्हाय. सही केली न्हाय अजून. तिथं खिडकीपाशी करीन.
सुनेनं धुतलेलं लुगडं काढून ठेवलंय. "चटणीचं मी बघते. तुमी ऊन व्हायच्या आत जाऊन या." कुठं, ते तिनं विचारलं न्हाय.
पासबुक, फारम कनवटीला. पोस्ट उघडायची येळ झाली.
बसू दारात सायकल पुसतोय. हाक मारतोय, "अव्वा, कुठं निघालीस? बस मागं, सोडतो की."