नळाजवळचं डोकं

रविवार, जनवाडा. दिवेलागण.

शेजारच्या सुजाताअक्का आज फाटकातूनच परत गेल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

चूक माझीच. बागेत मांडायला काल बिदरच्या रस्त्यावरून सिमेंटचा हंस, दोन बेडूक आणि बुद्धाचं डोकं आणलं. हंस जास्वंदीखाली बसला, बेडूक कुंडीपाशी. डोकं कुठं ठेवावं ते मात्र सुचेना. शेवटी फाटकाजवळच्या नळाशी ठेवलं. येणारा जाणारा तिथंच पाय धुतो, त्याला आधी तेच दिसेल म्हणून.

अक्का कढीपत्ता घेऊन आल्या. पाय धुवायला नळ सोडला, तर चिखलाचं पाणी त्या चेहऱ्यावर उडालं. त्यांनी झटक्यात नळ बंद केला आणि खाली बसून पदरानं चेहरा पुसला.

"इथं कामून ठेवलंस गं?"

"शोभेला," मी बोलून गेले.

"व्हय का," एवढंच म्हणाल्या. कढीपत्ता फाटकावर ठेवला आणि वळल्या. मी हाकसुद्धा मारली न्हाई. कामून न्हाई मारली?

डोकं आत आणून कपाटावर ठेवलंय. चेहरा त्यांनी स्वच्छ पुसलाय, पण कानाच्या पाळीत चिखल राहिलाय. तो काढायला माझा हात होईना.

उद्या जाऊन काय सांगू? मला ठाऊक नव्हतं म्हणून? त्यांच्या घरी याच चेहऱ्याच्या तसबिरीखाली बसून अकरा वर्षं चहा पितेय मी. दर वेळी चपला बाहेर काढून.